जिनिंगमधला स्फटिक

सर,

आज वर्गात पोरींसमोर स्फटिकावर चिकटपट्टी दाबली आणि वरचा पापुद्रा सोलून काढला. खालून आरशासारखा चकचकीत थर निघाला. एकीनं विचारलं, "मॅडम, वीज वरूनच जाते ना? मग वरचंच काढून टाकलं तर?" म्हटलं, अगं बाई, आता खालचं वर आलं, आता त्याच्यावरून जाईल. आणि तुमची इतकी आठवण आली की फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

अमरावतीत लोडशेडिंगपायी कॉलेजातली आपली भट्टी मध्येच थंड व्हायची आणि तिच्यात वाढणारे स्फटिक वाया जायचे. त्या वर्षांत कापूसच येईना म्हणून अकोल्यातली एक जिनिंग बंद पडली होती, पण तिथली कारखान्याची विजेची लाइन जात नव्हती. असलं तुम्हालाच सुचणार. भट्टी तिकडे हलवलीत आणि मला राखणीला बसवलंत, सोबतीला चौकीदाराची बायको. भट्टीत बिस्मथ आणि सेलेनियम हळूहळू निवताहेत, माझ्या नाकात रुईचे तंतू. अंजनगावात बाबांच्या कानावर एवढंच गेलं, की पोरगी बंद जिनिंगात बसून राहते. निरोप आला, शिक्षण पुरे, सामान घेऊन घरी ये.

तुम्ही माझ्यासोबत एसटीत बसलात. आईनं ताट वाढलं आणि तुम्ही सुरू. "भाऊ, या स्फटिकाच्या आतून वीज जात नाई, वरूनच जाते. रस्त्यात खाच असो का खड्डा, तो इलेक्ट्रॉन सरळ माघारी वळत नाई."

"काहून?" बाबा म्हणाले.

झालं, तुम्ही खुललात. इलेक्ट्रॉनची फिरकी त्याच्या दिशेशी बांधलेली. माघारी वळायचं तर फिरकीही उलटी व्हावी लागते, ते साध्या खड्ड्याच्या हातात नाही. काळ उलटा चालवला तरी नियम तेच राहतात, ही सममिती आहे तोवर तो रस्ता बंद होत नाही. चुंबक मात्र ती मोडतो. ताटातली भाकरी वाळून गेली. शेवटी बाबा म्हणाले, "जाऊ द्या तिले."

पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला तुम्ही सांगायचा, हिच्या वडलांना सममिती पटली म्हणून ही शिकली. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सलाही सांगितलंत. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते.

सर, बाबांना ढेकळं कळलं होतं. तुम्ही अंगणात हात धुवायला गेलात तेव्हा ते मला म्हणाले, "मले काईच नाई समजलं. पण ज्या माणसाले तुयासाठी जेवाचं भान राहत नाई, त्याच्यापाशी पोरगी ठेवाले मले भेव नाई."

हे मला तुम्हाला सांगवलं नाही, तुम्ही फार खुशीत होता. आताही नुसतं लिहितेच आहे. समोर असता तर आजही मान हलवली असती.