वाजवून घेतलेला लॅपटॉप

माय, तू माठ घ्याले गेली का वाजवून पाहे. बाजारात कुंभारणीपुढं उकिडवी बसे, एकएक माठ कानापाशी धरे अन् बोटाच्या कांड्यानं ठोके. मले म्हणे, "डोयाले काय समजते वं? वाजवून घे." तडा गेलेला माठ बद्द वाजते, चांगला टणटण. तू गेली तवा मी सातवीत होती. मंग शाया सुटली, अन् घरचा माठ आणाचं काम माह्यावर आलं. तेवढं मले बरोबर जमते.

आता मले पोरगी हाये. तुले ते दिसली नाही. तिले कमी आयकू येते. डाक्टरनं कानामागं मशीन लावून देली, पण मशीन लावली म्हणून बोलणं येत नाही, ते शिकवा लागते. यवतमाळची एक मॅडम व्हिडिओवर शिकवते. पोरीच्या बापाचा फोन त्याच्यासंग ट्रकवर जाते. माह्या फोनची काच तडकली हाये, त्यात मॅडमचं तोंड सुपारीएवढं दिसते. मॅडम म्हणाली, "तिला माझे ओठ दिसले पाहिजेत. एखादा लहान, साधा लॅपटॉप घ्या, भारी नको. आत्ता शिकली तर बोलेल. अजून उशीर झाला तर कठीण जाईल." घरी फक्त लॅपटॉपचं सांगतलं, उशिराचं नाही सांगतलं.

आम्ही पांढरकवड्याच्या दुकानात गेलतो. दुकानदारानं सगळ्यात स्वस्त होता तो काढला. पाटीएवढा, काया. मी हातात घेतला, कानापाशी नेला अन् पाठीवर ठोकून पाह्यलं. हात आपोआपच गेला. दुकानदार हासाले लागला. "वहिनी, माठ नोहे तो!" पोरीचा बाप लाजून रस्त्याकडं पाहाले लागला. मंग दुकानदारानं इचारलं, "रोज काय काय कराचं हाये याच्यावर? गेम खेळाचे असन, सिनेमे बनवाचे असन, तर हा नेऊ नका, अडकते." मी म्हटलं, "भाऊ, बाईचं तोंड मोठं दिसलं पाह्यजे अन् बोलणं सुटंसुटं आलं पाह्यजे. बाकी आमचं काही काम नाही." त्यानं तठूनच आपल्या बायकोले व्हिडिओ लावला. ते पोया करून राह्यली होती. "काय हाये वो? इकडं तव्यावर पोई जयून राह्यली!" तिचा एकएक शब्द आला. पोईतला 'प' म्हणतानी तिचे ओठ कसे मिटले, तेही मले दिसलं. मी म्हटलं, बांधून द्या.

सासूबाईनं हयदकुंकू लावलं अन् वरून तांदूळ टाकले. एक दाणा बटनाखाली गेला, ते बटन अजूनई करकर करते. "पोरगी बोलत नाही, अन् डब्बा आणला बोलाले," असं त्या शेजारणीले सांगतात. पण मॅडम दिसाची वेय झाली का स्वताच गच्चीवर पाट मांडून बसतात.

तू असती तर इचारलं असतं, कामाचा हाये का? सांगतो. चालू व्हाले वेय लावते, तेवढ्यात चहा होते. दोन गोष्टी संग सांगतल्या तर गपचूप बसते. पण लाइन गेली तरी चालते, अन् हलका हाये. आमच्या घरात रेंज येत नाही, गच्चीवरच येते. एका काखेत पोरगी, एका काखेत तो, असं मी शिडी चढतो. मोठा असता तर खालीच राह्यला असता. आमच्या कामापुरता तो पुरते. मॅडम 'प' म्हणते, पोरगी काचेवर तिच्या ओठाले बोट लावते अन् आपले ओठ मिटते. आवाज निघत नाही अजून.

परवा पाह्यलं तर पोरगी लॅपटॉपच्या पाठीवर ठोकून राह्यली होती. माह्यासारखीच, कांड्यानं. मले पाहूनच शिकली असन. ठोके अन् कान लावे. तिले काय आयकू आलं, मले नाही समजलं. मी तिले उचलली अन् भाकरी टाकाले गेली.

हे मी त्याच्यावरच लिहून राह्यली. एकएक अक्षर शोधा लागते, अन् तांदयाचं बटन आलं का दोनदा दाबा लागते. कुठं पाठवाचं तर नाहीच. एक सांगतो, कोणाले माहीत नाही. मी पोरीलेही वाजवून पाह्यतो. ते खेयत असली का मागून जातो अन् ताटलीवर कांडं मारतो, मान फिरवते का पाह्यतो. पह्यले जोरात मारत होती. आता हळूच मारतो. हळू मारलं अन् नाही वयली, तर म्हणता येते, हळूच तर वाजवलं होतं.