अकरा वाजताचा समुद्र

१२ जानेवारी १९९९, मंगळवार
आठवीची शैक्षणिक सहल माझ्याकडे आली. अलिबाग. जुनं बंदर, मराठ्यांचं आरमार आणि समुद्रातला कुलाबा किल्ला. मुख्याध्यापक काकड सर म्हणाले, पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, सहल नीट झाली तर बघू. बघू म्हणजे झालंच. छाया म्हणाली, आधी सहल होऊ द्या. बायकोचा स्वभावच असा.

१७ जानेवारी
किल्ल्यावर द्यायचं भाषण लिहायला घेतलं. चाळीस पानं. रोज पाच.

२० जानेवारी
एकूण पाच झाली. घाईने इतिहास बिघडतो.

२४ जानेवारी, रविवार, अलिबाग
एकटाच पाहणीला आलो. असं प्लॅनिंग आमच्या शाळेत कुणी करत नाही. बरोबर अकरा वाजता बूट हातात घेऊन किल्ल्याकडे निघालो. घोट्याएवढं पाणी. आरामात पोचलो. लगेच वेळापत्रकात लिहिलं: रविवार, ३१ जानेवारी, सकाळी ११.००, पायी किल्ला. वार तोच, वेळ तीच. चुकायला जागाच ठेवली नाही.

२५ जानेवारी, सोमवार
भूगोलाच्या उज्वला मॅडम मुलींसाठी सोबत येणार आहेत. वेळापत्रक बघून विचारतात, सर, तिथी पाहिलीत का? मी थक्क. भूगोल शिकवणारी बाई सहलीला मुहूर्त बघते. त्यांना विज्ञाननिष्ठेवर दहा मिनिटं समजावलं. त्या बोलू बघत होत्या, पण मी विषय पूर्ण केला. मग वेळापत्रक परत देऊन वर्गावर गेल्या. पटलं असावं.

३० जानेवारी, शनिवार
बेचाळीस मुलं, एक एसटी. आमच्या शहरातल्या द्वारका चौकातच अर्धा तास अडकलो. घाटात सहा मुलांना उलट्या. सातवा मी, पण ते डिझेलच्या वासामुळे. भाषण बसमध्ये पूर्ण करणार होतो. आठ पानांवर आहे.

३१ जानेवारी, सकाळी १०.४०
किनाऱ्यावर वीस मिनिटं आधी हजर. वाट दिसत नाही, सगळं पाणीच. ड्रायव्हर लहानू म्हणाला, सर, पाणी लय हाय, नाय जायचं. हा विंचूरचा. कांद्याच्या गावच्या माणसाला समुद्रातलं काय कळणार? अजून अकरा वाजायचेत.

दुपारी २
मुलांना धीर यावा म्हणून मी स्वतः पाण्यात उतरलो. अकराला ओसरणार हे आठवड्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलं होतं. वेळ वाया नको म्हणून तिथेच उभा राहून भाषण सुरू केलं. आणि काय सांगू, बेचाळीस मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. वहीत लिहून घेत होती. बावीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. पाचव्या पानाला कागद भिजले.

शेवटी एका कोळीबाबाने दंडाला धरून बाहेर काढलं. म्हणाला, आज पुनव, भर दुपारी भरती, किल्ल्यावर जायचं तर सांजच्याला या. भरतीची वेळ म्हणे रोज पुढे सरकते. आमच्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडायचं तर आधी पेपरात देतात. इथे सांगायची पद्धतच नाही.

बस चारला निघणार. किल्ला लांबूनही उत्तम दिसतो.

२ फेब्रुवारी
काकड सर म्हणाले, मुलं फार शिकली, सहल यशस्वी. ठरलं. पर्यवेक्षकाच्या खुर्चीचा एक पाय हलतो, शिपायाला दुरुस्त करायला सांगितलं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
उज्वला मॅडम पर्यवेक्षक झाल्या.

नेमणुकीच्या नोटिशीशेजारी आठवीचा तक्ता लावलाय. 'भरतीचे निरीक्षण', अक्षर वर्गातल्या भाग्यश्रीचं, मार्गदर्शन मॅडमचं. मधे माझं चित्र, अंगावर पट्टीसारख्या रेघा मारलेलं. १०.४५ सरांचा गुडघा. ११.०० सरांची मांडी. ११.१५ सरांची कंबर. ११.२५ सरांना बाहेर काढले.

ऑफ तासाला आठवीच्या वह्या मागवून घेतल्या. बेचाळीसही तपासल्या. वेळा सगळ्यांच्या बरोबर आहेत. भाषणातलं एक वाक्यही कुणी लिहिलेलं नाही. वाईट वाटलं. खाली सही करून वह्या परत दिल्या.