शेवटच्या कप्प्याची हजेरी

३ मार्च
पोचलो एकदाचा. खोली झकास आहे, खिडकीतून थेट गोदी दिसते. धाकटा मावसभाऊ आधीपासून इथंच. मला बघून रडला, रडूबाई कुठला. काम म्हणजे एक भंगारातली अणुपाणबुडी गॅस कटरनं कापायची. अणुभट्टी कधीच काढून नेलीय, तरी छातीला किरणं मोजायचा बिल्ला लावतात. तो काळा पडला की घरी. हिला म्हणे जग घाबरायचं. मला तर चिखलात बसलेली म्हैस दिसली.

५ मार्च
गेटवरचा पहारेकरी पूर्वी हिच्यावरच नाविक होता. चहा पाजला की हिचे गोडवे सुरू. बँड लावून पाण्यात सोडली, बर्फाखालून गेली, महिनोन्‌महिने वर आलीच नाही. मग शेवटच्या कप्प्याला आग लागली. बोट वाचावी म्हणून कप्तानानं बाहेरून झाकण आवळलं, आतली माणसं आतच. त्याला पदक मिळालं. डागडुजी करून पुढंही वर्षानुवर्षं हाकली तिला. त्या कप्प्यात मात्र कुणी राहत नसे. तरी बुडी मारण्याआधी कप्प्याकप्प्यात बोलायच्या नळीतून हजेरी घेतली की तिथून उत्तर यायचं, सगळं ठीक. मी विचारलं, आजोबा, चहात मी काय घातलं होतं? थेरडा हसला नाही.

९ मार्च
आमच्यातही नळीतूनच हजेरी. भोंगा झाला की मुकादम एकेका कप्प्याला हाक मारतो. आत कुणी असेल तर तो ओ देतो, मग तो येईपर्यंत झाकण उघडं. आज शेवटच्या कप्प्यातून आवाज आला, सगळं ठीक. तिथं कापायला अजून कुणी गेलेलंच नाही. भाऊ पांढराफटक. मुकादम, एवढा रेडा, तोही घाम पुसत होता. कुणीतरी टवाळ चेष्टा करतोय, एवढी अक्कल नाही एकालाही. मीच सांगितलं, तो कप्पा बोलला तर ऐकूच नका, झाकण लावा नि मोकळे व्हा. पटलं मुकादमाला. या बैलांना कुणीतरी शिकवायलाच पाहिजे.

१२ मार्च
रोज तेच. रोज झाकण लावतात. आता हसतातसुद्धा.

१५ मार्च
शेवटचा कप्पा कापायला कुणी तयार होईना. सगळे मेषपात्र. मी म्हटलं, द्या इकडं कटर. भाऊ पाया पडला, दादा नको जाऊस. ढकलला त्याला.

आतूनच लिहितोय, बॅटरीच्या उजेडात. भोंगा झाला. नळीतून ओ दिली. वर मुकादम रोजच्या सवयीनं हसला, झाकण लावलं. मीच शिकवलेलं—
गॅस बाहेरून बंद. कटर विझला. पत्रा बडवला, कुणी—

पत्रा गरम का होतोय

माझ्यामागं कुणीतरी खोकलं.

भाऊ आलाय नळीवर. विचारतोय, दादा, आत अडकलास का. मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, सगळं ठीक. माझ्याच आवाजात.

भाऊ म्हणतोय, बरं, मग मी जातो जेवायला.

ओरडतोय मी. तोंड उघडतंय, पण आवाज— आवाज त्याच्याकडं—
अरे थांब, तो मी नाही, मी इकडं आ—