एका नावाच्या दोघी

६ जानेवारी, पलूस
"नाव नवं हाय, जपून वापर." लग्नात नवऱ्यानं, वि.नं, तांदळाच्या ताटात अंगठीनं 'अनुराधा' लिहिलं, तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या होत्या. माहेरची मी कल्पना. आज ते वाक्य आठवलं, कारण मोबाइलवर संदेश आला. माझं लायसन तीन महिने निलंबित. साताऱ्याजवळ हायवेवर फोनवर बोलत गाडी चालवली म्हणून. दिवाळीपासून मी साताऱ्याला गेलेलीच नाही.
बायकांना गाडी शिकवणारी बाई मी. कुणाला सांगू?

८ जाने.
क्लास बंद. गाडी गॅरेजला आहे असं सगळ्यांना सांगितलं. गाडी परसात, ताडपत्रीखाली. अण्णा तिकडे बघतात, मग लेकीकडे, माझ्याकडे. विचारत नाहीत. विचारलं तर बरं होईल.

११ जाने.
शालनकाकी दारात. मुलगा फौजेत, त्याची गाडी घरी नुसती उभी, म्हणून पन्नाशीनंतर शिकायला लागल्यात. क्लच सोडताना अजून डोळे मिटतात.
"आवं मॅडम, गॅरेजवाला गाडी नीट करतोय का नवी जन्माला घालतोय?"
हसले. मागे ताडपत्रीचं टोक वाऱ्यानं फडफडत होतं. त्यांनी पाहिलं असावं. चहा न घेताच गेल्या.

१४ जाने.
हळदीकुंकवाचं बोलावणं. वर 'सौ. अनुराधा'. दरवर्षी असंच लिहितात. मी दुरुस्त करत नाही.

१६ जाने., सातारा
एसटीनं गेले. आरटीओ ऑफिसात खिडकीपलीकडच्या साहेबांनी संगणकावर दाखवलं. नाव माझं. नवऱ्याचं नाव, आडनाव बरोबर. पत्ता साताऱ्याच्या सासरचा, जुना, लायसनवर आहे तोच. गाडी वि.च्या नावावर.
मग कळलं. त्याची दुसरी बायको. त्या लग्नातही ताटात 'अनुराधा'च लिहिलं होतं. रेशनकार्डावरचं नाव खोडायला नको, असं सासूबाई म्हणाल्या म्हणे. तेव्हा पलूसमध्ये सगळे हसले होते. मीही. ती लायसन घरी विसरून निघाली असणार. नाव-पत्ता सांगितला असेल, आणि त्या नावाची आधी मी सापडले.
साहेबांना म्हटलं, गाडीत मी नव्हे, दुसरी अनुराधा होती.
"ही दुसरी तुमची कोण?"
मागे रांग. तोंडातून गेलं, "जाऊ."
"मग मधलं नाव त्येच कसं? दोन भावांचं एकच नाव ठेवलंय व्हय?"
रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी पिशवीतून घटस्फोटाचा कागद काढला आणि पालथा ठेवला. त्यांनी उलटा करून वाचला. आवाज खाली आणला.
"बाई, ह्यानं तुमी वेगळ्या झाला ते कळतं. गाडीत कोण हुतं ते न्हाई कळत. अपील करा, पण येळ जाईल. त्यांनी सोता येऊन सांगितलं तर काम लवकर हुईल."
क्लासच्या परवान्याची मुदत महिनाअखेर संपते. निलंबित लायसनवर नवा मिळणार नाही. म्हणजे क्लास गेला.
परतीच्या एसटीत सारखी ती 'जाऊ'च कानात. खोटं बोलावं, तर निदान पचेल असं.

१७ जाने.
नाव का ठेवलं मी? प्रेमानं नाही. 'कल्पना परत आली' असं कुणी म्हणू नये म्हणून. अनुराधा म्हणून राहिलं की पाहुणी आल्यासारखं वाटायचं. क्लासच्या पाटीवर तेच. लायसनवरचा पत्ताही बदलला नाही, जणू एक दिवस तिथं...
सासूबाई आता तिला त्याच नावानं हाक मारत असतील. तीही ओ देत असेल.

२० जाने.
शालनकाकींना खरं सांगितलं. ताडपत्री त्या दिवशीच पाहिली होती म्हणाल्या. सगळं ऐकून घेतलं, मग:
"तुमी बी अनुराधा, ती बी अनुराधा. त्या बाबाला दुसरं नावच लिवाया येत न्हाई व्हय?"
खूप दिवसांनी पोट धरून हसले. हसता हसता तोंड भिंतीकडे करावं लागलं. काकींनी पाठीवर हात ठेवला.

२२ जाने.
धाकट्या नणंदेकडून त्या अनुराधाचा नंबर मिळाला. नणंद म्हणाली, नवी वहिनी रोज मुलीला गाडीनं शाळेत सोडते. म्हणजे तिनं कबूल केलं तर तिचं लायसन जाणार. घरात बोलणी बसणार, आणि सासूबाईंची बोलणी मला माहीत आहेत. तिच्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं. तीही म्हणेल.
संदेश लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. ताई म्हणावं तर ती लहान. वहिनी म्हणण्याचं नातं नाही. 'अनुराधा' लिहिलं, पुसलं. आपलंच नाव हाक म्हणून कधी लिहिलं नव्हतं. पुन्हा लिहिलं. पाठवलं ते असं:
'अनुराधा, मी पलूसची कल्पना. हायवेवर तुम्ही फोनवर बोललात, निलंबन माझ्या लायसनवर आलंय. मला भांडायचं नाही. घरापर्यंतही येणार नाही, साताऱ्याच्या स्टँडवर थांबेन. एकदा माझ्याबरोबर ऑफिसात याल का?'