अर्गिरिसचा घास

१३ फेब्रुवारी, सोमवार
थेसालोनिकीच्या वरच्या वस्तीत अखेर खोली मिळाली! वर जुना तट, खाली बंदर, गल्लीभर भाजक्या तिळांचा वास. इथली चर्चं आणि इथलं खाणं यांवर पुस्तक लिहायचंय; वाचकांआधी माझंच पोट भरणार, हे उघड आहे. घरमालकीण किरा एवांथिया म्हणाल्या, दोम्ना, सामान राहू दे, आधी जेव, वाळून काडी झालीयेस. मी आणि काडी! एवढं धडधडीत खोटं इतक्या मायेनं कुणी बोललं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या मृतांचा शनिवार, मेलेल्यांच्या नावानं चर्चमध्ये घास ठेवायचा दिवस. बाईंनी शिजवलेल्या गव्हात डाळिंब, अक्रोड, बेदाणे, दालचिनी कालवली. वर पिठीसाखरेचा थर, त्यावर चंदेरी गोळ्यांनी क्रूस आणि मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर. अर्गिरिस समुद्रात बुडाला, सापडलाच नाही. कबरसुद्धा नाही, वर्षाकाठी हा घास तेवढा त्याचा. पाद्रीबाबांच्या आशीर्वादाआधी त्याला बोट लावायचं नाही आणि खाताना ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. बाई शाल आणायला वर गेल्या आणि मी चमचाभर खाल्लं. साखर परत सारखी केली. जीभ माझी वैरीण!

१९ फेब्रुवारी, रविवार
अर्गिरिस बाईंच्या स्वप्नात आला. ओलाचिंब. म्हणाला, आई, माझं कुणीतरी उष्टं केलं. बाई स्वतःलाच बोल लावताहेत. लेकरू उपाशी असताना मी कशी गिळू, म्हणाल्या. अन्न सोडलंय. मी नुसतं सूप नेऊन दिलं. लाज वाटते स्वतःची.

२१ फेब्रुवारी, मंगळवार
पाव खारट, मध खारट. चूळ भरली तर तोंडातून गव्हाचा दाणा पडला. बाईंना आता उठवत नाही. उद्या सांगतेच.

२३ फेब्रुवारी, गुरुवार
नाही सांगितलं. भेकड मेली! त्या मरतील माझ्यापायी. जेवायला बसले की समोरची खुर्ची ओली — दाढेखाली दाणे — रोज जास्त —

२४ फेब्रुवारी, शुक्रवार
सांगितलं. पाय धरून रडले. त्यांनी केस कुरवाळले. ठाऊक आहे गं, म्हणाल्या, कालच सांगितलं त्यानं. मग पाव मागून खाल्ला, उठल्या, गहू चढवले. देवा, किती हलकं वाटलं!

दुपार
ताट तयार. साखरेवर त्याचं अक्षर नाही — माझं आहे.

बाई म्हणतात, तू त्याचं खाल्लंस, आता तो तुझं खाईल, फिट्टंफाट. त्यांनी दाराला कडी घातली. समोरची खुर्ची सरकली — चमचा उचलला — माझ्या घशात पाणी, खारं —

बाई पुटपुटताहेत, देव दोम्नाला क्षमा करो. पण मी अजून —