तिघींच्या फोटोतला गोटा

सोमवार, ७ नोव्हेंबर २००५, वेल्हे

दिवाळी झाली, ईद झाली आणि आज आपली स्वारी नोकरीवर रुजू! भोरहून नसरापूर, तिथून वेल्ह्याची एसटी. शेजारच्या बाईंच्या मांडीवर कोंबडी होती आणि ती कोंबडी सगळा रस्ता माझ्याकडेच बघत होती.

कोंडिबाकाकांचा फोटो स्टुडिओ म्हणजे बाजारातली एक खोली. मागे निळा पडदा, पुढे दार, दारातून समोर तोरणा. राहायला वरची खोली. काका सत्तरीचे, बोलायला कंजूष पण चहाला सढळ.

कॉम्प्युटर पाहून मात्र हसूच आलं. काकांच्या पुण्यातल्या भाच्यानं दिलेला, आत विंडोजऐवजी लिनक्स. स्क्रीनचं माप अडकलंय ६४० बाय ४८०वर. अक्षरं ढब्बू, फोटो उघडला की निम्माच दिसतो आणि प्रत्येक चौकटीची खालची बटणं स्क्रीनच्या बाहेर. मग अंदाजानं एंटर दाबायचं आणि अल्लाचं नाव घ्यायचं. मी पुण्यात सहा महिने हेच शिकले, म्हणून ऐटीत सांगून टाकलं की आठवड्यात १०२४ बाय ७६८ करून दाखवते. काका म्हणाले, "सावकाश कर पोरी. हितं कुणाला घाई न्हाई."

बुधवार, ९ नोव्हेंबर

सेटिंगच्या फाईलमध्ये मॉनिटरची काही माहितीच लिहिलेली नाही. त्यामुळे मशीन बिचारं भिऊन सगळ्यात लहान मापावर चालतंय. मी अंदाजे आकडे घातले, तर स्क्रीन काळाठिक्कर. पुन्हा जुनं माप. त्यात अकराला वीज येते ती दोनला जाते. पण मी काही हार मानणारी नाही.

मधल्या वेळात काकांनी काढलेला तीन भावांचा फोटो तयार केला. मधला गेनू, मिशीला पीळ देऊन बसलेला. उजव्या कोपऱ्यात, पायांजवळ, चांगला नारळाएवढा नदीतला गोटा! काकांना झाडूचं वावडं दिसतंय. फोटोची उजवी कड स्क्रीनवर मावतही नव्हती, तेवढी कापून टाकली. गोटा गेला, फोटो सुटसुटीत झाला. गेनू प्रिंट घ्यायला आला तेव्हा तीनदा म्हणाला की लई झ्याक झालाय.

रविवार, १३ नोव्हेंबर

आज माझी थोरली बहीण, आपा, आली, चार वर्षांच्या लेकीला, मासूमाला घेऊन! आपाला मी आल्या दिवसापासून बोलवत होते. मासूमा आल्या आल्या माझ्या खुर्चीत बसली आणि मला म्हणाली, खाला, तू उभी राहा. मावशीलाच उठवणारी अशी पोर.

काकांनी आमचा फोटो काढला. डावीकडे मी, मध्ये स्टुलावर मासूमा, उजवीकडे अफसाना आपा. काढण्याआधी काकांनी वाकून आपाच्या बाजूला तोच गोटा ठेवला. मी चिडवलं की काका, हा तुमचा पाळीव आहे का. ते हसले नाहीत.

ते जेवायला गेल्यावर मी फोटो घेतला आणि गोट्यासकट कड कापली. सेव्ह करताना मशीननं काहीतरी विचारलं. बटणं खाली, दिसेनात. एंटर दाबलं. मागाहून कळलं की मूळ फोटोवरच सेव्ह झालं, कापलेली कड कायमची गेली. काय बिघडलं? आपाला प्रिंट देऊन संध्याकाळच्या गाडीत बसवलं.

बुधवार, १६ नोव्हेंबर

गेनू गेला. परवा भात झोडता झोडता खाली बसला, तो उठलाच नाही. पस्तिशीचा माणूस.

काकांनी त्या तिघांचा फोटो उघडायला सांगितला. बघितला, उजव्या कडेवर बोट ठेवलं. गोटा कुठं गेला म्हणून विचारलं. मी सांगितलं. तेव्हा कधी नव्हे ते काका बोलत राहिले.

तिघे शुभकामाला निघाले की कुणीतरी खिशात खडा नाहीतर सुपारी टाकतो, चौथा म्हणून. हे आमच्या भोरच्या गल्लीतही करतात, मला ठाऊक आहे. पण फोटोतही चौथा लागतो, हे मला कोण सांगणार? काका म्हणाले, "हे काय सांगायचं आसतं व्हय? त्यो गोटा चौथा हुता. त्याची जागा मोकळी केली की तिथं दुसरं कुणीतरी येतंय. आन जाताना मधल्याला संगं नेतंय."

मग त्यांनी हळूच विचारलं की आणखी कुठल्या तिघांचा फोटो कापलास.

आमच्या तिघींचा, म्हटलं.

गुरुवार, १७ नोव्हेंबर

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी सकाळीच एसटीडीवरून भोरला फोन लावला. मासूमाला मंगळवारपासून ताप आहे. साधाच असेल, थंडी पडलीय, असं आपाच म्हणाली.

वीज आल्यावर आमचा फोटो उघडला. काल मी फाईलमध्ये १०२४ ठिपक्यांची रुंदी लिहिली होती, स्क्रीनवर मावतात मात्र ६४०च. त्यामुळे माऊस कडेला नेला की सगळी स्क्रीन सरकते आणि बाहेरचं आत येतं. ते होणारच होतं. पण फोटो आपाच्या खांद्याशी संपायला हवा. मी कापलाय ना तो!

संपत नाही. निळा पडदा पुढे चालूच आहे. आणि पार शेवटी, कुणाचं तरी कोपर.

शुक्रवार, १८ नोव्हेंबर

काकांनी गोटा टेबलावर आणून ठेवला. त्याचा नवा फोटो काढला, कापून आमच्या फोटोत आपाच्या पायांजवळ चिकटवला. चौकट मावावी म्हणून मॉनिटरमागे चिकटवलेली माहितीची पट्टी वाचून खरे आकडे घातले. ८०० बाय ६०० मिळालं. एरवी नाचले असते. आता माप वाढलं तसं ते कोपराचं माणूसही अर्धं दिसायला लागलं. अंगावर घोंगडी आहे.

निदान गोटा बसला. चार झाले. अल्ला, एवढं पुरे होऊ दे.

शनिवार, १९ नोव्हेंबर

गोटा पायांजवळ नाही. त्याच्या हातात आहे.

आणि ते आपाच्या मागे आलंय. फोन केला. मासूमाची शुद्ध जाते-येते. डॉक्टर पुण्याला न्या म्हणतात. आपा रडत सांगत होती की पोर सारखी विचारते, अम्मी, तुझ्यामागे कोण उभं आहे?

मला मेलीला नीटनेटका फोटो हवा होता.

रविवार, २० नोव्हेंबर

१०२४ बाय ७६८ झालं. एकदाचं झालं. सगळं दिसतं. नको होतं दिसायला.

ते कॅमेऱ्याकडे बघत नाही, मासूमाकडे बघतंय. मोकळा हात तिच्या स्टुलावर —

फोटो पुसून टाकते म्हटलं, तर काकांनी माझं मनगटच धरलं. पूर्वी त्यांच्या मदतनीसानं, भिमानं, फ्रेममध्ये बसावा म्हणून एक फोटो असाच कापला होता. मधला गेला. घाबरून फोटो जाळला, तर "ऱ्हायल्याले दोगंबी म्हयन्यात ग्येले."

पुसायचा नाही. गोटा टिकत नाही. मग काय करू मी? काय करू?

तिघांना चौथा लागतो. दोघांना नाही लागत.

सोमवार, २१ नोव्हेंबर

आपाला कापायचं? नाही. पोरीला आई हवी. डावीकडची कड माझी आहे.

एक वाजून चाळीस. दोनला वीज जाईल. स्क्रीन आपोआप पुन्हा ६४०वर आली — बटणं नाहीत, काही नाही — त्याचा हात मासूमाच्या केसांत —

स्वतःला सोडून बाकीचं निवडलं. मशीननं विचारलं. एंटर.

दोघीच उरल्या. मागे नुसता निळा पडदा.

पावणेदोन. फोन केला. ताप उतरला! उठून बसली, चहात खारी बुडवून खातेय. आपा हसत होती, रडत होती. मग तिनं विचारलं, कोण बोलतंय?

नसरीन म्हटलं. कोण नसरीन, म्हणाली —

काका आत आले. माझ्याकडे बघून — माझ्या खुर्चीकडे बघून — स्वतःशीच म्हणाले की हितं आता कुणीतरी शिकल्याली पोर ठिवाया पायजे —

वहीची डावी कड दिसत नाही. डावा हात — कागद कशानं धरलाय मी —

लिहून ठेवते, लवकर. मी नसरीन. भोरची. अफसानाची धाकटी बहीण. मासूमाची खाला, तिचं नाव मीच ठेव