उतरवून द्या तिले

तुकूम, चंद्रपूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

आदरणीय धनराजभाऊ,

तुले आणि सरितावहिनीले नमस्कार. आईच्या पाया पडते. पत्र पाहून तू आधी घाबरशील, की फोन असताना हिनं कागद काऊन लिहिला. घाबरू नको. पायलचे बाबा बरे आहेत, पायलची सहामाही झाली, मी रोज दुकानात जाते. थंडी यंदा लवकर पडली. तुमचे धान कापून, चुरून झाले का? वडशाले झाडीपट्टीच्या नाटकांची गर्दी सुरू झाली असेल.

इथलं विचारशील तर तेच रडगाणं. घरभाडं वाढलं, पायलच्या शिकवणीचा ऑटो वाढला. शेअर ऑटोची सीट वीसवरून तीस झाली. आम्ही दुकानातल्या चौघीजणी दुपारी डबा उघडतो तेव्हा भाजीच्या आधी ऑटोचं निघते. कोणाकडून किती घेतले, कोण भांडली, कोण पायी आली. एसटीत बायांचं तिकीट अर्धं झाल्यापासून आमचं एक ठरलेलं बोलणं होतं, की गावाहून चंद्रपूर स्वस्तात आणि स्टँडापासून घर महागात. आईचं तर पंचाहत्तरी झाल्यापासून तिकीटच लागत नाई. ती म्हणायची, "सरकार मले फुकट आणते, अन् चांद्याचे ऑटोवाले लुटतेत."

मी हे बोलणं आता करत नाई. त्या बोलू लागल्या की मी डब्यात पाहते.

भाऊ, फोनवर मी तुले तीनदा सांगायले घेतलं. एकदा पोळ्याले, एकदा दिवाळीत, एकदा तू धानाच्या बांधीत होता तेव्हा. तिन्ही वेळा तू "हां, बोल" म्हटलं आणि मी पायलच्या परीक्षेचं सांगून फोन ठेवून दिला. कागद मधात "हां, बोल" म्हणत नाई, म्हणून लिहून राह्यली.

मे महिन्यात आई आली, त्या दिवशी काय झालं ते तुले मी दवाखान्यात सांगितलं होतं. "ऑटोवाल्यानं आईले मधातच उतरवून दिलं." एवढं एकच वाक्य बोलली होती मी. ते खोटं नाई. पण त्याच्या आधीचं मी गिळून टाकलं होतं.

लग्नसराईचे दिवस होते. दीडच्या सुमारास आईचा फोन आला. ती स्टँडवर उतरून ऑटोत बसली होती आणि जटपुरा गेटपर्यंत आली होती. माझ्या काउंटरवर नवरीकडची माणसं शालू बदलून मागत उभी होती, शेठ माझ्याकडे पाहत होते. आई म्हणाली, "बाई, हा पोरगा तुह्याशी बोलतो म्हणते." आणि तिनं फोन त्याच्या हातात दिला.

तो म्हणाला, "ताई, गाडीत दुसरी सवारीच नाई. एवढ्या उन्हात कोण निघते? तुमचं घर आत लेआउटमध्ये हाये, स्पेशल लागंल. ऐंशी रुपये द्या जी."

मी म्हटलं, "ऐंशी? म्हातारं माणूस पाहून लुटता का?"

"बरं, साठ द्या."

"सीटचे होतात तेवढेच देईन. एक रुपया जास्त नाई."

"एकटीच सवारी हाये ताई, सोबत थैले हायेत. चला, पन्नास द्या, घरापर्यंत सोडतो."

तेव्हा मी म्हटलं, "माजले तुम्ही लोक. उतरवून द्या तिले तिथंच. येईल ती दुसऱ्या ऑटोनं."

तो मग म्हणाला, "ताई, आजी लय म्हाताऱ्या हायेत. इथी सावली नाई."

"मी सांगून राह्यली ना? उतरवून द्या."

आणि मी फोन कापला. शालूचं बिल केलं.

आई दुसऱ्या ऑटोत बसली नाई, भाऊ. लेक एवढी भांडली, म्हणजे ऑटोत बसणं लेकीले भारी पडते, असं तिले वाटलं असेल. तांदळाचा थैला डोक्यावर, लाखोळी डाळीचा हातात, अशी ती चालत निघाली. शेचाळीस डिग्रीत. रस्त्यात एका रसवंतीपाशी पडली. त्या माणसानं तिले बाकड्यावर झोपवलं, डोक्यावर बर्फ ठेवला आणि तिच्या फोनवरून मले फोन केला. पुढचे नऊ दिवस तू पाहिलेच. आज ती काठी घेऊन अंगणापर्यंत जाते, त्याच्या पुढे नाई. हात थरथरतो म्हणून वहिनी तिले घास भरवते. घास वहिनी भरवते, मी नाई.

आता आणखी एक गोष्ट, जी पायलच्या बाबालेही माहीत नव्हती. त्याच दिवशी सकाळी मले दुकानात उशीर झाला होता. मी माझ्या एकटीसाठी स्पेशल ऑटो केला होता. त्यानं नव्वद मागितले. मी घासाघीस न करता दिले.

तू संध्याकाळी आपला चुलतभाऊ सोमाजी आणि गावची माणसं घेऊन दवाखान्यात आला. तू विचारलं, "कसं झालं?" तुह्या डोळ्यात पाणी होतं. तुह्या डोळ्यात पाणी मी बाबांच्या वेळेलेही पाहिलं नव्हतं. तेव्हा मी ते वाक्य बोलली. तू पुढचं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःले किती दिवस सांगत होती. पण तू पुढचं विचारू नये म्हणूनच मी तसं बोलली.

दुसऱ्या दिवशी गेटजवळच्या पानठेल्यावाल्यानं तुम्हाले ऑटो सांगितला, मागे "पिंकी" नाव लिहिलेला. तू त्याले ऑटो स्टँडवर चार लोकांत मारलं आणि सोमाजीनं व्हिडिओ काढला. तो मलेही आला होता, दवाखान्यात आईच्या पायाशी बसली असताना. सगळे ओरडत होते. आणि तो दोन्ही हात कानावर धरून एकच म्हणत होता, "मले फोनवर सांगितलं जी, मले फोनवर सांगितलं." तुमच्या गोंगाटात कोणाले ऐकू आलं नसेल. मले आलं. मी दोनदा लावून पाहिला आणि मिटवून टाकला.

आईले सगळ्यांनी विचारलं, तर ती म्हणाली, "मले याद नाई." मले वाटलं, बरं झालं, ती विसरली. सात महिने मी तिच्या विसरण्याच्या आडोशाले बसली.

नवरात्रात एका शेअर ऑटोत बसली होती. बाया नेहमीसारख्या भाड्यावरून बोलत होत्या. रस्त्यात एका म्हातारीनं हात दाखवला. ऑटोवाला थांबला नाई. मी म्हटलं, "भाऊ, जागा होती की." तो म्हणाला, "एकटी म्हातारी आम्ही बसवतच नाई ताई आता. आमच्या बिरजूचं काय झालं माहीत नाई का? मधात उतरवलं तर मार, घरी सोडलं तर भाड्याचं भांडण." त्याले माहीत नव्हतं की तो कोणाले सांगत आहे. मी विचारलं, बिरजू कुठे असते आता? तो म्हणाला, ऑटो त्याचा नव्हताच, किरायाचा होता. व्हिडिओ पाहून मालकानं चाबी परत घेतली. आता बल्लारपूरले लाकडाच्या एका टालावर बांबू उतरवते.

तरी मी दोन महिने गेली नाई. तुह्यापासून काय लपवू? मागच्या रविवारी गेली.

तो ट्रकच्या मागे उभा होता. वाळलेला, पस्तिशीचा माणूस. मी फक्त "बिरजूभाऊ" म्हटलं. त्यानं खांद्यावरचा बांबू खाली ठेवला आणि म्हणाला, "आवाज ओळखला ताई." आणि मग पहिलं विचारलं ते हे, की "आजी कशा हायेत?"

 मी तिथंच बांबूच्या ढिगावर बसली. पर्स उघडली. त्यानं हात आडवा केला.

"ऐंशी रुपये द्यायले आल्या का?"

टोमणा नव्हता, भाऊ. त्यानं खरंच विचारलं होतं.

मग त्यानं सांगितलं, की पिंकी त्याची मुलगी. सातवीत आहे. तिच्या वर्गातल्या पोरींनी मोबाईलवर बापाले मार खाताना पाहिलं. ती बापाले म्हणाली, गाडीवरचं माझं नाव पुसून टाका. त्यानं पुसलं, आणि चार दिवसांनी गाडीच गेली.

मी म्हटलं, "मी काय करू ते सांगा." तो म्हणाला, "चार लोकांत मारलं ताई. चार लोकांतच सांगा."

काल दुपारी मी त्याच ऑटो स्टँडवर गेली. एकटी. सात-आठ ऑटोवाले होते. मी आता तुले लिहिलं तसंच सगळं सांगितलं, नव्वद रुपयांसकट. वाटलं होतं शिव्या देतील. एक जण एवढंच म्हणाला, "बाई, सात महिन्यानं?" त्यांचा म्होरक्या श्रावणभाऊ म्हणून आहे, त्यानं मले पाणी दिलं. म्हणाला, "तुम्ही बोलल्या, ठीक केलं. मालकाशी मी बोलतो. पण हात तुमच्या भावानं उचलला होता."

काल रात्री जेवताना पायलच्या बाबालेही सांगितलं. ते ताटावरून उठले नाई, पण जेवलेही नाई. पायल तिथंच होती.

दुसरं काही निमित्त काढून मी तुले चंद्रपूरले बोलावू शकत होती. तसं करायचं नाई ठरवलं. तू माझ्या एका वाक्यावर भरवसा ठेवून परक्या माणसाले मारलं. तो मार माझा होता. तू त्याची माफी मागायले आला तर मी तुह्या बाजूले उभी राहीन. नाई आला, किंवा पुन्हा माझ्याशी बोललाच नाई, तरी मी तुले दोष देणार नाई.

हा कागद आईले वाचून दाखवायचा की नाई, ते तू ठरव. मले ते ठरवायचा हक्क राह्यला नाई.

जिले तू खरं बोलणारी समजत होता, ती
ज्योत्स्ना


शनिवार, १३ डिसेंबर

ज्योत्स्नाबाईले धनराजचा आशीर्वाद.

तुहा कागद काल भेटला. पोस्टानं उशीर होईन म्हणून हा कागद सोमाजीच्या हाती देऊन राह्यलो, तो उद्या चांद्याले येते. मले तुह्यासारखं लिहिता येत नाई. समजून घेजो.

मी तुहा कागद बांधीच्या धुऱ्यावर बसून वाचला. दोनदा वाचला. बाई, तू मले नवीन काई नाई सांगतलं.

आईले सारं याद होतं. जून महिन्यात, आम्ही धानाचे पऱ्हे टाकत होतो त्या वख्ती, तिनं मले जवळ बसवलं. म्हणे, "धनराज, त्या पोराची चूक नाई. ज्योत्स्नानं त्याले फोनवर सांगतलं. त्यानं मले त्याच्या बाटलीतलं पाणी पाजलं, थैला डोक्यावर ठेवून देला, मंग गेला. तू ज्योत्स्नाले बोलू नोको, पोरगी मनातल्या मनात मरन. पण त्या पोराले जाऊन भेट."

मी नाई गेलो. धानाचा रोवणा हाये म्हणलं, मंग निंदण हाये म्हणलं, मंग धान कापाचे हायेत म्हणलं. आई दर महिन्याले विचारे, "गेला होता का?" मी कामाचं नाव सांगो. मंग तिनं विचारणं सोडून देलं. ते विचारणं सोडलं ना, ते मले लय लागलं.

अन् आता मी सांगतो ते तू ऐक. तू लिहिलं की गोंगाटात कोणाले ऐकू आलं नसंन. मले आलं होतं. पहिली थापड मारली तवाच तो म्हणे, "मले फोनवर सांगतलं जी." माह्या डोक्यात आलं, फोनवर तर ज्योत्स्नाच असंन. हे समजूनशान मी दुसरी मारली. काऊन मारली? चार गावचे लोक पाहत होते. हात थांबवला असता तर घरचं उघडं पडलं असतं.

मी सात महिने मनात तुह्यावर राग धरून होतो, की हिनं खरं काऊन नाई सांगतलं. पण तू सांगत नव्हती म्हणूनच मले घरी बसाले जमत होतं.

काल संध्याकाळी आईले पुरा कागद वाचून दाखवला. सरिता बी तिथीच होती. आई डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर म्हणे, "नव्वद रुपयाचं तिनं काऊन लिहिलं? ते तर कोणाले माहीत नव्हतं." मी म्हणलं, म्हणूनच लिहिलं. मंग ती लय वेळ रडली, अन् सरितानं तिचं तोंड पुसलं.

सोमाजीले घरी बोलावलं. म्हणलं, मोबाईल धर, ज्या ज्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला होता, तिथीच हा टाक. पहिले नाई म्हणे, मंग धरला. मी सांगतलं की त्या माणसाची चूक नव्हती, मले ते मारतानीच समजलं होतं, तरी मारलं. माहं नाव, गावाचं नाव, सारं सांगतलं. तुहं नाव घेतलं नाई. ते घ्याचं असंन तर तू घे.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी येऊन राह्यलो. आई म्हणे, मलेबी न्या. मी म्हणलं, एवढा प्रवास झेपन का? तर मले म्हणे, "मले झेपन. तुमाले दोघाले झेपते का, ते पाहा." म्हणून तिले घेऊन येतो. पहिले स्टँडवर जाऊ, श्रावणभाऊले भेटू. मंग तिघंही बल्लारपूरले जाऊ. टालावर नाई, त्याच्या घरी. पोरगी शाळेतून आल्यावर जाऊ. मले तिच्यासमोर तिच्या बापाचे पाय धराचे हायेत. तो उठवाले येईन, तवा तू मधात काई बोलू नोको. अन् नाई उठवलं, तरी बोलू नोको.

तुह्यासारखाच,
धनराज